हेलियमचा शोध खरंच विजयदुर्ग किल्ल्यावर लागला? ‘साहेबाच्या ओट्यां’वर दुर्बीण लावणारे नॉर्मन लॉकयर नेमके कोण होते?

दरवर्षी १८ ऑगस्ट जवळ आला की सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विजयदुर्ग किल्ल्याचे फोटो फिरू लागतात. किल्ल्यावर हेलियम दिनाचा कार्यक्रमही होतो. सोबतच्या मेसेजचा सूर साधारण सारखाच असतो: १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियम वायूचा शोध लावला.

यातले लॉकयर खरे आहेत. त्या दिवशीचं ग्रहणही खरं आहे. किल्ल्यावर गाईड दाखवतात ते ‘साहेबाचे ओटे’ही खरे. पण या तिघांची जोडणी चुकली आहे. १८६८ मध्ये लॉकयर इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गला आले त्यानंतर तीस वर्षांनी, १८९८ मध्ये.

मग हेलियम सापडला कुठे, कोणाला आणि विजयदुर्गावर नेमकं झालं काय? समजून घेऊया.

थोडक्यात महत्त्वाचं

- १८ ऑगस्ट १८६८: भारतातून दिसलेलं खग्रास ग्रहण. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते.
- २० ऑक्टोबर १८६८: लॉकयर यांनी लंडनमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. हेलियमची गोष्ट इथून सुरू होते.
- मार्च १८९५: विल्यम रॅम्झी यांना हेलियम पृथ्वीवर, एका खनिजात सापडला.
- २२ जानेवारी १८९८: लॉकयर विजयदुर्ग किल्ल्यावर. पुन्हा खग्रास ग्रहण.

युद्ध खात्यातला कारकून

जोसेफ नॉर्मन लॉकयर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधल्या रग्बी गावात झाला. विज्ञानाची कुठलीही पदवी त्यांच्याकडे नव्हती. १८५७ मध्ये ते लंडनच्या युद्ध खात्यात कारकून म्हणून चिकटले. दिवसा फायली आणि रात्री आकाश, असा त्यांचा दिनक्रम होता. १८५८ मध्ये विनिफ्रेड जेम्स यांच्याशी त्यांचं लग्न झालं. विनिफ्रेड फ्रेंचमधली विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत आणत.

लॉकयर यांच्याकडे सव्वासहा इंच भिंगाची दुर्बीण होती. त्या काळच्या हौशी निरीक्षकांचं लक्ष चंद्र आणि ग्रहांवर असे. लॉकयर यांनी मात्र दुर्बिणीला वर्णपटदर्शक म्हणजे स्पेक्ट्रोस्कोप जोडला आणि तो सूर्याकडे वळवला.

स्पेक्ट्रोस्कोप काय करतो?

प्रकाश अरुंद फटीतून आत घ्यायचा, काचेच्या लोलकांमधून न्यायचा आणि त्याचे रंग पसरवायचे, एवढंच हे यंत्र करतं. तापलेल्या विरळ वायूच्या प्रकाशात अखंड इंद्रधनुष्य मिळत नाही, ठरावीक जागी चमकदार रेषा मिळतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा वेगळ्या असतात. मिठाचा कण गॅसच्या आचेवर पडला की ज्योत पिवळी होते, तो पिवळा रंग सोडियमच्या अशाच दोन रेषांचा. जर्मनीतल्या किर्चहॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० च्या सुमारास ही पद्धत पक्की केली होती.

खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेला लालसर ज्वाळा दिसत. त्या सूर्याच्याच आहेत का आणि कशाच्या बनल्या आहेत, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. अडचण अशी की त्या दिसणार फक्त ग्रहणात, तेही दोन-चार मिनिटं.

लॉकयर यांनी १८६६ मध्ये यावर एक तोड सुचवली. आकाशाची चमक म्हणजे सगळ्या रंगांचा प्रकाश. तो जास्त लोलकांतून नेला की पसरत जातो आणि फिका पडतो. ज्वाळांचा प्रकाश मोजक्या रेषांतच असतो, त्यामुळे कितीही लोलक लावले तरी त्या रेषा तेजस्वी राहतात. म्हणजे यंत्र पुरेसं ताकदीचं असेल तर ग्रहणाची वाट पाहायलाच नको.

कल्पना तयार होती, यंत्र नव्हतं. सरकारी अनुदान मिळालं, पण बनवायला वेळ गेला. नवा स्पेक्ट्रोस्कोप त्यांच्या हातात पडला तो १६ ऑक्टोबर १८६८ रोजी.

१८ ऑगस्ट १८६८ ला काय झालं?

त्याआधी दोन महिने, १८ ऑगस्टला, भारतातून खग्रास ग्रहण दिसलं. ते पाहायला ठिकठिकाणी निरीक्षक बसले होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, गुंटूरला जान्सेन आणि मेजर टेनंट, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन. जमखंडीत ढगांनी त्रास दिला. तरीही ज्वाळा तापलेल्या वायूच्या आहेत, हे त्या दिवशी सगळीकडूनच स्पष्ट झालं. वर्णपटात पिवळसर-नारिंगी भागात एक रेषाही दिसली. ती सोडियमची असावी, असा बहुतेकांचा समज झाला.

जान्सेन यांना रेषा इतक्या तेजस्वी दिसल्या की ग्रहण सुटल्यावरही त्या दिसतील, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाहिलं आणि दिसल्या. त्यांचा मोठा शोध हा, ग्रहणाशिवाय ज्वाळा पाहण्याच्या पद्धतीचा. नवं मूलद्रव्य सापडल्याचा दावा त्यांनी केला नव्हता.

२० ऑक्टोबरला लॉकयर यांनी लंडनमध्ये नवं यंत्र सूर्याच्या कडेवर धरलं आणि त्यांनाही रेषा दिसल्या. टपालाचा काळ होता, दोघांना एकमेकांचं काहीच ठाऊक नव्हतं. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला वाचली गेली. पुढे १८७२ मध्ये फ्रान्सने दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं.

पिवळ्या रेषेचं कोडं

लॉकयर यांचं वेगळेपण पुढच्या कामात आहे. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटरवर येतात. वर्णपटाच्या भाषेत त्या डी-१ आणि डी-२. लॉकयर यांना दिसलेली पिवळी रेषा त्यांच्याजवळ होती, पण त्यांच्यावर नव्हती. ती ५८७.६ च्या आसपास होती. तिला डी-३ म्हटलं गेलं.

फरक जेमतेम दीड नॅनोमीटरचा. यंत्र नीट लावलेलं नसेल तर असा फरक नजरेतून सुटतो किंवा उगाच दिसतो. लॉकयर यांनी जागा पुन्हा पुन्हा तपासली. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासोबत प्रयोगशाळेत हायड्रोजनचा दाब बदलून पाहिला, पण ती रेषा काही केल्या उमटली नाही. शेवटी ते या मताला आले की ही रेषा पृथ्वीवर माहीत नसलेल्या मूलद्रव्याची आहे. सूर्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून, हेलिऑसवरून, नाव पडलं हेलियम. हे नाव जाहीरपणे आलं १८७१ मध्ये, विल्यम थॉमसन म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन यांच्या भाषणात.

रसायनशास्त्रज्ञांना हे पटलं नाही, आणि त्यांचा आक्षेप रास्त होता. रेषा दिसते हे ठीक, पण वायू कुठे आहे? शेजारी ठेवून ताडून पाहायला नमुनाच नव्हता.

हा नमुना मिळायला २७ वर्षं लागली. मार्च १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजावर आम्लाची क्रिया करून निघणारा वायू तपासत होते. ते आरगॉन शोधत होते, वर्णपटात मात्र अनोळखी पिवळी रेषा आली. विल्यम क्रुक्स यांनी तिची जागा मोजली. ती डी-३ च होती. लॉकयर यांनीही तो वायू तपासला. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. तरुणपणी सूर्यात पाहिलेली रेषा आता टेबलावरच्या काचेच्या नळीत होती.

‘नेचर’चे पहिले संपादक

मधल्या काळात लॉकयर हे ब्रिटिश विज्ञानातलं मोठं नाव झालं होतं. १८६९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला त्यांनी ‘नेचर’ हे साप्ताहिक सुरू केलं. आज जगभरचे संशोधक ज्यात आपला पेपर छापून यावा म्हणून धडपडतात, तेच हे ‘नेचर’. १९१९ पर्यंत, म्हणजे तब्बल ५० वर्षं, लॉकयर त्याचे संपादक होते. सूर्याच्या ज्वाळा ज्या थरातून उठतात त्याला ‘क्रोमोस्फिअर’ हे नाव त्यांचंच. पुढे ते दक्षिण केन्सिंग्टनच्या सौर भौतिकी वेधशाळेचे प्रमुख झाले. १८९७ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला.

त्यांचं सगळंच बरोबर ठरलं असं नाही. तारे आणि तेजोमेघ उल्कांच्या थव्यांपासून बनतात, ही त्यांची मांडणी टिकली नाही. खूप तापवल्यावर मूलद्रव्यं साध्या घटकांत फुटतात, हा त्यांचा विचारही समकालीनांना मान्य झाला नाही. तापमानाने वर्णपट बदलतो हे त्यांचं निरीक्षण मात्र खरं होतं. त्याचं स्पष्टीकरण पुढे अणूतून इलेक्ट्रॉन निघून जाण्याच्या सिद्धान्ताने दिलं.

ग्रहणांमागची धावपळ

ग्रहणांनी लॉकयर यांची बरीच परीक्षा पाहिली.

- १८७०, सिसिली: मोहिमेला नेणारं ‘सायकी’ जहाज खडकावर आदळलं. माणसं वाचली. ग्रहणाच्या दिवशी ढगांतून क्षणभरच सूर्य दिसला.
- १८७१, भारत: १२ डिसेंबरच्या ग्रहणासाठी लॉकयर पहिल्यांदा भारतात आले. जागा होती केरळच्या आजच्या कासरगोड जिल्ह्यातला बेकल किल्ला. म्हणजे भारतात त्यांनी ग्रहण पाहिलेला पहिला किल्लाही विजयदुर्ग नव्हता.
- १८९६, नॉर्वे: ‘व्होलाज’ या युद्धनौकेच्या खलाशांना निरीक्षणासाठी तयार केलं होतं. ऐनवेळी आभाळ भरून आलं आणि सगळी तयारी वाया गेली.

नॉर्वेत ग्रहण हुकलं तरी एक गोष्ट हाती लागली होती. शास्त्रज्ञ चार-पाच असतात, ग्रहणात करायची कामं मात्र पन्नास असतात. शिस्तीची सवय असलेले खलाशी थोड्या सरावाने ती करू शकतात. हा प्रयोग पुन्हा करायची संधी त्यांना कोकणाने दिली.

विजयदुर्ग, २२ जानेवारी १८९८

मालवणहून किनाऱ्याने उत्तरेला, देवगडच्या पुढे वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग उभा आहे. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. त्या काळी हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता. इंग्रजी कागदपत्रांत गावाचं नाव ‘विझियाद्रुग’ असं आढळतं.

२२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाचा पट्टा इथून देशावर आणि पुढे मध्य भारतातून बक्सरकडे जात होता. सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्रा. कावसजी नायगमवाला आपली उपकरणं घेऊन बसले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल हेही जेऊरलाच होते.

लॉकयर यांनी विजयदुर्ग का निवडला असेल, हे नकाशाकडे पाहिलं की लक्षात येतं. पट्टा किनाऱ्याला जिथे भेटतो तिथेच हा किल्ला. जड पेट्या जहाजाने थेट खाडीत आणता येतात. सोबतीला युद्धनौका ठेवता येते. आणि जानेवारीत कोकणात आभाळ निरभ्र असतं. ऑगस्टमध्ये इथे कसं असतं, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको.

या वेळची नौका होती ‘मेलपोमेनी’, कप्तान चिझम-बॅटन. लॉकयर यांच्यासोबत सहायक आल्फ्रेड फाउलर आणि मुलगा विल्यम होते. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर पेडलरही होते.

किल्ल्यावर यंत्रांसाठी पक्के चौथरे लागतात. दुर्बीण किंचित हलली तरी फोटोग्राफिक प्लेटवरची रेषा पुसट होते. ‘साहेबाचे ओटे’ म्हणून जे दाखवतात, त्यांचं काम हे. मुख्य यंत्र होतं लोलक बसवलेला कॅमेरा. ग्रहणात सूर्याची कडा स्वतःच बारीक चंद्रकोरीसारखी होते, त्यामुळे फटीची गरज उरत नाही. प्रत्येक रंगाची एकेक कोर प्लेटवर उमटते.

खलाशांचे गट पाडले होते. कोणी मोठ्याने वेळ पुकारायची, कोणी प्लेट बदलायच्या, कोणी प्रभामंडळाचं चित्र काढायचं, कोणी दिवसा दिसणारे तारे टिपायचे, कोणी जमीन-समुद्राचे बदलते रंग लिहायचे. याच्या तालमी रोज झाल्या. शनिवारी दुपारच्या सुमारास सूर्य झाकला गेला. सगळं मिळून साधारण दोन मिनिटं. या वेळी ढग आले नाहीत आणि प्लेट नीट आल्या.

मग विजयदुर्गावर काय सापडलं?

हेलियम नाही. तो तीन वर्षांपूर्वीच पृथ्वीवर सापडला होता. विजयदुर्गाची खरी कमाई दुसऱ्याच एका रेषेची आहे.

सूर्याच्या प्रभामंडळात एक हिरवी रेषा १८६९ पासून माहीत होती. तीही कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नव्हती. हेलियमचं उदाहरण समोर असल्याने हेही नवं मूलद्रव्य असणार असं मानून त्याला ‘कोरोनियम’ नावही दिलं गेलं. पण रेषेची जागाच तीस वर्षं चुकीची धरली होती, ५३१.७ नॅनोमीटरच्या आसपास. १८९८ च्या ग्रहणातल्या प्लेटवरून, ज्यात विजयदुर्गच्या प्लेटही होत्या, ती खरी ५३०.३ वर असल्याचं दिसलं.

जागा बरोबर मिळाली म्हणून पुढे उत्तर मिळू शकलं. १९४० च्या आसपास स्वीडनचे बेंग्ट एडलेन यांनी दाखवलं की ही रेषा साध्या लोखंडाची आहे, फक्त त्याच्या अणूतून तेरा इलेक्ट्रॉन निघून गेलेले असतात. प्रभामंडळ लाखो अंश तापलेलं आहे, हे त्यावरून कळलं. कोरोनियम नावाचं मूलद्रव्य नव्हतंच.

दोन अनोळखी रेषांपैकी एक नवं मूलद्रव्य निघाली, दुसरी जुनंच लोखंड. नुसत्या रेषेकडे पाहून दोघींमधला फरक सांगता येत नव्हता.

हेलियम आज कुठे कामाला येतो?

फुगे आणि एमआरआय मशीन आपल्याला माहीत असतात. पण हेलियमचं एक मोठं काम प्रयोगशाळेत चालतं, गॅस क्रोमॅटोग्राफीत. आंब्या-द्राक्षांवरचे कीडनाशकांचे अंश, पेट्रोलमधली भेसळ, रक्तातलं अल्कोहोल अशा तपासण्या या यंत्रावर होतात.

नमुन्याची वाफ करून ती वाहक वायूसोबत लांब, बारीक नळीतून पाठवतात. नमुन्यातले घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. शेवटी बसलेला डिटेक्टर ते टिपतो. वाहक म्हणून हेलियम चांगला, कारण तो कशाशीच अभिक्रिया करत नाही.

उष्णता-वहनावर चालणाऱ्या डिटेक्टरमध्ये त्याचा आणखी एक गुण उपयोगी पडतो. हेलियम नायट्रोजनच्या जवळपास सहापट उष्णता वाहून नेतो. डिटेक्टरमधल्या तापलेल्या तारेवरून शुद्ध हेलियम जात असतो तोवर तार ठरावीक थंड राहते. दुसरा घटक आला की उष्णता कमी वाहते, तार तापते, तिचा विद्युतरोध वाढतो आणि आलेखावर शिखर उमटतं.

हा डिटेक्टर सांभाळायचे नियम थोडे पण कडक असतात:

- आधी वायू सोडायचा, मगच तारेला वीज द्यायची. बंद करताना उलट क्रम. वायू नसताना वीज दिली तर तार जळते.
- हेलियम ९९.९९९ टक्के शुद्ध हवा. वाटेत ऑक्सिजन आणि ओलावा शोषणारे फिल्टर हवेत. तापलेल्या तारेला ऑक्सिजन लागला की ती खराब होते.
- जोडांवर गळती तपासायची. बारीकशी गळतीही हवा आत ओढते आणि आलेखाची मूळ रेषा सरकू लागते.
- डिटेक्टर नळीपेक्षा गरम ठेवायचा, नाहीतर घटक आतच गोठून बसतात.
- शिखर आलं म्हणजे ओळख पटली असं नाही. त्याच पदार्थाचा शुद्ध नमुना त्याच परिस्थितीत चालवून वेळ जुळवायची.

शेवटचा नियम लॉकयर यांची अख्खी गोष्ट सांगतो. डी-३ ही त्यांच्या आलेखावरची अनोळखी खूण होती. ताडून पाहायचा शुद्ध नमुना रॅम्झी यांच्या नळीतून आला. हिरव्या रेषेला तसा नमुना मिळाला नाही आणि कोरोनियमचं भूत कित्येक दशकं फिरत राहिलं.

हेलियम नैसर्गिक वायूच्या साठ्यांतून मिळतो आणि भारताला तो मुख्यतः बाहेरून आणावा लागतो. त्यामुळे अनेक प्रयोगशाळा आता वाहक म्हणून हायड्रोजन किंवा नायट्रोजनकडे वळत आहेत.

शेवटची वर्षं

विजयदुर्गानंतर लॉकयर १९०० मध्ये स्पेनला आणि १९०५ मध्ये मायोर्का बेटावर ग्रहणांसाठी गेले. विनिफ्रेड १८७९ मध्येच वारल्या होत्या. १९०३ मध्ये त्यांनी मेरी ब्रॉडहर्स्ट यांच्याशी लग्न केलं. मेरी स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत होत्या. सरकारने सौर वेधशाळा केंब्रिजला हलवायचं ठरवलं, तेव्हा लॉकयर यांनी डेव्हन परगण्यातल्या सिडमथजवळ टेकडीवर स्वतःची वेधशाळा उभारली. ती आजही त्यांच्या नावाने चालते. १६ ऑगस्ट १९२० रोजी, ८४ व्या वर्षी, तिथेच त्यांचं निधन झालं.

मग मेसेजचं काय करायचं?

गोंधळ होणं सोपं आहे. दोन्ही ग्रहणं खग्रास, दोन्ही भारतातली, दोन्ही गोष्टींत लॉकयर. पण स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी आणि शाळेच्या सहलीसाठी फरक महत्त्वाचा आहे. ‘हेलियम विजयदुर्गावर सापडला’ हे उत्तर चूक आहे. १८ ऑगस्ट ही तारीख गुंटूर, जमखंडी आणि मछलीपट्टणची. २० ऑक्टोबर लंडनची. विजयदुर्गाची तारीख २२ जानेवारी.

ती तारीख काही कमी मोलाची नाही. हेलियमला नाव देणारा माणूस, रेषा पाहिल्यानंतर तीस वर्षांनी, दोन मिनिटांच्या अंधारासाठी अर्धं जग ओलांडून या किल्ल्यावर आला. त्याची यंत्रं इथल्या ओट्यांवर उभी राहिली आणि नॉर्वेत हुकलेलं काम इथे पार पडलं. पुढच्या वेळी ओट्यांपाशी फोटो काढाल, तेव्हा कॅप्शनमध्ये १८९८ लिहा.